धम्मशीलाचा कॉम्प्युटर मी आवरला

ताडकळसला आमच्या घराची रस्त्याकडची खोली धम्मशीलाकडे आहे. बाहेर पाटी आहे : पत्रिका, फलक, स्मरणिका. आत एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि डाव्या हातानं काम करणारी ही पोरगी. तिचे वडील नागसेन गुरुजी शिक्षक. मी ज्युनिअर कॉलेजात हेड क्लार्क, बी.कॉम., येत्या मे महिन्यात निवृत्त होणार. टेबलावर पंच उजवीकडे आणि स्टेपलर डावीकडे, ही माझी आयुष्यभराची कमाई.

धम्मशीलाचा कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाला चालवता येत नाही. माउस डावखुरा, म्हणजे उजवं बटण ते डावं. कॅप्स लॉक दाबलं की मोठी अक्षरं येत नाहीत, इंग्रजीचं मराठी होतं. दोन अक्षरं मारली की मंगल परिणयाच्या पत्रिकेचा सगळा मजकूर धाडकन उमटतो. एकदा मी वीजबिल भरायला बसलो आणि बिलाच्या रकान्यात 'चि. सौ. कां.' पासून 'आग्रहाचं निमंत्रण' पर्यंत सगळं आलं.

"काका, त्याला हात लावू नका, तो माझ्या सवयीचा झालाय," ती म्हणाली.

अशा बारक्या सोयी ती कुठून कुठून गोळा करते. एकीनं मागं कॉपी केलेल्या पंचवीस गोष्टी लक्षात राहतात. दुसरी फोटोतला रंग उचलून देते. तुरीच्या फुलाचा पिवळा तिनं असाच उचलला आणि तीन लग्नांत वापरला. तिसरीत फाइलचं अर्धं नाव टाकलं की ती कुठंही असो, समोर हजर. त्यामुळं ती फाइल कुठंही टाकते. तिचा पडदा पाहिला की मला बाजार उठल्यानंतरचं मैदान आठवायचं. 'फायनल', 'फायनल नवं', 'फायनल खरंच', 'अअअ', 'बगळा बरा'. चित्रांवर चित्रं.

मला ते सहन होत नव्हतं, एवढंच.

यंदा गुरुजींनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फलकांवर चाळीस चाळीस चेहरे चिकटवण्यात वर्षं घालवू नको, परभणीला क्लास लाव, परीक्षा दे. तिनं एक संधी मागून घेतली होती. नांदेडच्या एका प्रकाशकाला तिनं लहान मुलांचं पुस्तक दाखवलं होतं, आजीबरोबर बाजाराला जाणाऱ्या मुलीचं. गोष्टही तिची, चित्रंही तिचीच. त्यांनी पूर्ण मांडणी मागवली होती, त्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. आवडली तर पुढची पुस्तकं. नाही आवडली तर क्लास.

शुक्रवारी सकाळी ती आईचे डोळे डॉक्टरला दाखवायला परभणीला गेली. पुस्तक तयार होतं, दुपारी येऊन फक्त पाठवायचं होतं. चावी आमच्याकडे असते. कागदाचं पार्सल आलं म्हणून मी खोली उघडली. कॉम्प्युटर चालूच होता. मला रजा होती. आणि वाटलं, पोरगी दमून येईल, तिला जरा नीटनेटकं मिळावं.

डावखुऱ्या माउसनं मी दोन तास झटलो. सगळी चित्रं गटवार लावली, प्रत्येकाला गटाचं नाव आणि अनुक्रमांक दिला. एकसारखी दिसली त्यांतलं एक काढून टाकलं. कचऱ्याची टोपली रिकामी केली. शेवटी, ऑफिसच्या शिस्तीप्रमाणे, कॉम्प्युटर बंद केला आणि पंख्याचं बटणसुद्धा.

तीन वाजता ती आली. मी चहा घेऊन गेलो, कौतुक ऐकायला. पडद्यावर पुस्तक उघडलेलं होतं; पानापानावर चित्रं धुरकट, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर लाल प्रश्नचिन्ह.

"काका, हितं कोण बसलं होतं?"

"मी. जरा आवरलं."

"आवरलं म्हंजे?"

मी सांगितलं. ती ऐकत गेली आणि खुर्चीत खाली खाली घसरत गेली. पुस्तकात चित्र नसतं म्हणे, चित्राचा पत्ता असतो. चित्र हलवलं तर पुस्तकाला ते सापडत नाही, आणि नाव बदललं तर शोधायची सोयसुद्धा हात टेकते.

"काई हरकत न्हाई," ती स्वतःला समजावल्यासारखं म्हणाली. "कॉम्प्युटर बंद दिसला, पण नुसता झोपलेला होता ना? तुमी केलेलं एकेक मागं नेता येतंय."

"छे. मी नीट बंद करून गेलो."

तिनं चहाचा कप माझ्या बाजूला सरकवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग एकच मार्ग उरला. धुरकट चित्र पाहायचं आणि खरं कुठं आहे ते मला विचारायचं. मी शेजारी स्टुलावर बसलो.

"बगळा?"

"प्राणी, तीन."

"बगळा प्राणी व्हय?"

"पक्ष्यांचा वेगळा गट करण्याइतकी संख्या नव्हती."

"बरं. विहीर?"

"स्थावर, दोन."

"एस्टी?"

"जंगम, एक."

"चंद्र कुठाय, काका?"

मी घसा साफ केला. "जंगम, चार. म्हणजे तो फिरतो ना."

ती हसली नाही. दारात उभी असलेली माझी बायको कमल मात्र हसली. "आणि आजी कुठं ठेवली यांनी, विचार गं."

"काका, आजी?"

"किरकोळ."

"आजी किरकोळ!" धम्मशीलानं कपाळावर हात मारला. "अख्खं पुस्तक आजीचंय!"

"माणसांचा गट भरला होता," मी म्हणालो. खरं तर आजी पाठमोरी होती आणि मला ते गाठोडं वाटलं होतं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

"घरातले डबे पण असेच लावतात बघ," कमल म्हणाली. "परवा हिंग मला औषधात सापडला."

सव्वाचार झाले तेव्हा एक सोडून सगळी प्रश्नचिन्हं गेली होती. उरलेलं पान शेवटचं : बैलगाडीत झोपलेली मुलगी. ते चित्र सापडेना. सापडणार कसं? दोन चित्रं एकसारखी होती, एकात मुलीचे डोळे उघडे, एकात मिटलेले. मी मिटलेले टाकून दिले होते. जागं माणूस उपयोगाचं, असा विचार केला असावा.

"धम्मशीला, चूक झाली," मी म्हणालो. "प्रकाशकाला मी फोन करतो, माझ्यामुळं उशीर झाला म्हणून सांगतो."

"तुमी नुसतं हलू नका, स्टूल वाजायलंय."

तिनं उघड्या डोळ्यांची मुलगी घेतली. गालाचा रंग उचलला, तो डोळ्यांवर पसरवला, त्यावर दोन बारीक कमानी ओढल्या. डावा हात एकदाही थांबला नाही. मुलगी झोपली. पाचला थोडं कमी असताना पुस्तक गेलं. मी पंखा लावला; तोपर्यंत तो बंद आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात नांदेडहून फोन आला. पुस्तक घेतलं, आणखी दोन मागितली. गुरुजी पेढे घेऊन आमच्याकडे आले आणि माझे आभार मानू लागले. मुलीनं त्यांना, काकांनी चित्रं शोधायला मदत केली, एवढंच सांगितलं होतं. मी पेढा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तिनं मला बोलावलं. कॉम्प्युटरवर माझ्या नावाचं वेगळं दार केलं होतं, वेगळा पासवर्ड. उघडून पाहिलं. उजवं बटण उजवीकडे, कॅप्स लॉक जागच्या जागी. पडद्यावर एका कोपऱ्यात कचऱ्याची टोपली, बाकी स्वच्छ निळं.

"तुमचा," ती म्हणाली. "माझ्यातलं हितून काईच दिसत न्हाई."

"पण यात तर काहीच नाही. मी काय करू?"

"आवरा," ती म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.