पाच पानांची वाट

ताथवड्याच्या पुढच्या टेकाडावर पोचले की मामा थांबत, काखेतली काळी छत्री उघडत, हात लांबवून उंच धरत आणि मिटून पुन्हा काखेत घेत. ऊन असो, ढग असो, काही नसो. मग म्हणत, "चला पेपरवाले, उजेड वाया जातोय."

पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा छत्रीच्या काड्या तपासत असतील असे वाटले. दुसऱ्यांदा विचारले. "सवय हाय," एवढेच म्हणाले आणि उतरणीला लागले. तिसऱ्यांदा विचारले नाही.

ही एकोणीसशे पन्नासनंतरच्या पाच-सात वर्षांतली गोष्ट. पुण्याच्या एका दैनिकात रविवारच्या अंकासाठी आसपासच्या पायवाटांची माहिती लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. तुमच्यापैकी काही जण त्या वाटांनी हिंडलेही असतील. सकाळच्या गाडीने चिंचवडला उतरायचे, नदीचा घाट पाहायचा, पलीकडे जायचे आणि कात्रण हातात धरून चालू लागायचे. कुठे वळण चुकले तर सोमवारी वाचकांची पत्रे येत, आणि संपादक ती सगळ्यांदेखत वाचून दाखवीत. माहितगार माणूस हवा होता. चिंचवडच्या पोस्टात चौकशी केली तेव्हा कारकुनाने दाराबाहेरच्या बाकाकडे बोट दाखवले. नुकताच निवृत्त झालेला एक पोस्टमन तिथे रोजच्यासारखा येऊन बसला होता.

उंच, वाळका बांधा. डावा गुडघा किंचित बाहेर वळलेला. खाकी कोट सरकारला परत केला होता, पण खांदा अजून थैलीच्या बाजूने झुकलेला होता. सगळे त्यांना मामा म्हणत. मीही म्हणू लागलो.

"मारुंजी किती लांब, मामा?"

"पाच पानं."

एक पान लावून तोंडात टाकायचे, ते संपले की दुसरे. घर ते मारुंजी पाच पाने. काळेवाडीच्या अलीकडे पहिले संपे, ताथवड्याच्या विहिरीवर तिसरे. मी घड्याळ लावून पाहिले. सपाटीवरचे पान चोवीस मिनिटांचे भरले, चढावरचे एकोणीस मिनिटांचे.

"चढाला पान लवकर का संपतं?"

"दम लागला की माणूस जास्ती चावतो."

हे मी छापले. त्या आठवड्यात एकही तक्रार आली नाही.

त्यांच्याबरोबर चालणे म्हणजे सगळ्या शिवारातून ओळखी देत जाणे होते. तीस वर्षे त्यांनी या गावांना पत्रे पोचवली होती आणि निम्म्या घरांत ती वाचूनही दाखवली होती. बांधावरून कोणीतरी हाक मारीच.

"मामा, पेन्शनीत निघाला तरी पाय सुटले न्हाईत व्हय?"

"पाय सरकारचे न्हवते, राव. थैली तेवढी सरकारची हुती."

"आन् ह्ये कोण? बूट बघा की, नवरदेवाचे!"

"पेपरात लिवत्यात. नीट बोल, न्हाईतर छापून येशील."

त्या वाटेची एक रीत होती. ताथवड्यापुढे ती शेतांच्या पोटातून जाई. उन्हाळ्यात नांगरट झाली की वाट पुसून जाई. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत काळी ढेकळे. पहिल्या पावसाने ती विरघळली, पेरणीजोगा वाफसा आला की कोणीतरी पहिला माणूस आरपार चालत जाई आणि त्याच्या पावलांवर बाकीचे चालत. शेतकरी पेरणी करताना तेवढा हातभर पट्टा सोडून देई. याला तिकडे पाऊल पाडणे म्हणत. तीस वर्षे ते पहिले पाऊल पोस्टमनचे होते. शेतकरी त्यांच्यासाठी थांबत. "मामा गेल्याबिगर पेरायला पाभर धरत न्हाई आमी," असे एकाने मला सांगितले. वाट दर वर्षी मरे आणि दर वर्षी त्याच जागी उठे. मामा सरळ रेषेत चालत, समोरच्या एका आंब्यावर नजर ठेवून. वाट चुकलीच तर वीतभर.

छत्रीचा उलगडा मारुंजीत झाला. तिथे त्यांची थोरली बहीण राहत असे. विधवा, एकटी, गावाच्या कडेला रानात घर. मारुंजीची डाक गुरुवारची असे. त्या दिवशी टेकाडावर छत्री उघडली की बहिणीला अंगणातून काळा ठिपका दिसे आणि ती पितळेची परात उन्हात धरी. पलीकडून एकदा लखकन उजेड येई. मी तो दोनदा पाहिला होता आणि कुठेतरी पाणी चमकले असे समजलो होतो. परात चमकवून ती त्याच परातीत पीठ मळायला बसे. मामा दारात पोचत तेव्हा पहिली भाकरी तव्यावरून उतरत असे.

"उशीर केलास," ती म्हणे.

"ह्या पेपरवाल्यामुळं. दर झाडाला नाव इचारत्यात."

"मग सांगायचं की. तुला तरी कुठं ठावं हाय?"

यापलीकडे दोघे फारसे बोलत नसत. जेवण झाले की ती त्यांच्या गुडघ्याला तेल चोळी आणि ते पडवीत डोळे मिटून बसत. नोकरी संपली तरी गुरुवार संपला नव्हता. आठवड्यातले बाकीचे दिवस ते पोस्टाच्या बाकावर काढत. तिथे बसून ते गुरुवारची वाट पाहत, हे विचारण्याची गरज नव्हती.

आता माझ्या चुकीकडे येतो.

एका वर्षी वैशाखात मामा तापाने आजारी होते. या वाटेचा त्या वर्षीचा मजकूर द्यायचा राहिला होता, म्हणून मी एकटाच निघालो. ताथवड्यापुढच्या बांधावर उभा राहिलो. समोर नांगरलेले रान, माणूस नाही, पायरव नाही. रीत मला माहीत होती. तरी बांधावर उभा असताना वाक्य सुचले आणि ते मला आवडले. 'एके काळी पोस्टमनच्या पावलांनी राबती असलेली ही वाट आता बुजून गेली आहे; तिच्यावरून कोणी जात नाही. वाचकांनी गाडीरस्त्याने वळसा घालून जावे.' मजकूर छापून आला. मित्रांनी शेवटची ओळ चांगली उतरल्याचे सांगितले.

त्याच सुमारास त्या रानाचा मोठा तुकडा एका कंपनीने कारखान्यासाठी घेतला होता आणि भोवती तारेचे कुंपण घालायला सुरुवात झाली होती. मामांनी अर्ज केला की इथून वहिवाटीची पायवाट आहे, ती सोडावी. ताथवड्याचे दोन शेतकरी साक्षीला आले. मामलेदार कचेरीत कंपनीच्या वकिलाने एकच कागद पुढे ठेवला. माझे कात्रण.

मी दुरुस्ती छापायला लावली. पाचव्या पानावर, तळाला, दोन ओळी. वकील म्हणाला, ही तंट्यानंतरची आहे. मग मी स्वतः साक्षीला गेलो.

"त्या दिवशी तुम्हाला वाट दिसली?"

"नाही. पण नांगरट झाल्यावर—"

"दिसली की नाही?"

"नाही."

"कोणी जाताना दिसलं?"

"नाही."

"आपण पाहिलं तेवढंच लिहिता ना?"

"हो."

खरे बोलल्याचे समाधान मला त्या दिवशी मिळाले नाही.

कचेरीबाहेर चिंचेखाली मामा बसले होते. कात्रण त्यांनी मागून घेतले आणि पत्र वाचावे तसे बोट ठेवून सावकाश वाचले.

"ह्ये तुमीच लिवलंय?"

"हो, मामा."

"अक्षर न् अक्षर खरं हाय. त्या दिशी वाट न्हवतीच." त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "मी तापात पडलो हुतो न्हवं."

ते हे बोलले नसते, चिडले असते, तर बरे झाले असते.

निकाल पेरणीच्या आत आला, कंपनीच्या बाजूने. त्या वर्षी पाऊल पडले नाही. गाडीरस्त्याने मारुंजी नऊ पानांवर गेली. मामा दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला गुडघा सुजला आणि परतताना बैलगाडीत घालून आणावे लागले. बहिणीला तर घराबाहेर शंभर पावले चालणेही जड होते.

त्यानंतरही दर गुरुवारी ते टेकाडापर्यंत जात. चढणीला माझा हात धरत. पलीकडे तार होती, तारेच्या आत विटांचे ढीग, आणि त्याही पलीकडे मारुंजीचे रान. छत्री उघडत, उंच धरत. थोड्या वेळाने परात चमके. छत्री मिटून ते खाली बसत, चौथे पान लावत आणि ते संपेपर्यंत तिकडे पाहत राहत. मग आम्ही मागे वळत. "चला, उजेड वाया जातोय," हे त्यांनी म्हणणे सोडले होते.

दोन वर्षे हे असेच चालले. मग एका माघात मामा गेले. बहिणीला निरोप ताथवड्याच्या एका शेतकऱ्याने पोचवला. ती रडली नाही, नुसते "बरं" म्हणाली, असे त्याने सांगितले.

पुढच्या गुरुवारी मी सकाळच्या गाडीने चिंचवडला उतरलो. काही लिहायचे नव्हते. नदी ओलांडली, काळेवाडी मागे टाकली, ताथवड्याच्या विहिरीवर पाणी प्यालो आणि टेकाड चढून नेहमीच्या जागी उभा राहिलो. तारेच्या आत भिंती कमरेइतक्या आल्या होत्या. त्यांच्यावरून पलीकडचे अजून दिसत होते.

वेळ झाली होती. लांबवर, मारुंजीच्या कडेला, परात लखकन चमकली. थोडे थांबून पुन्हा एकदा.

माझ्या हातात छत्री नव्हती.