किल्ल्यातली खाणारी तोंडं

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. कोडोलीच्या घरी माझं प्रमाणपत्र देवांच्या तसबिरींच्या रांगेत टांगलंय. उदबत्ती फिरताना त्यालाही धूर मिळतो. ज्या सरांमुळे ते मिळालं, ते आता निवृत्त होऊन मंगळवार पेठेत राहतात. त्यांनी मला इंग्रजी शिकवलं, स्वतःचा शब्दकोश दिला, परीक्षेच्या दिवसांत जेवायला घातलं. या उपकारांची फेड मी दर रविवारी सकाळी त्यांच्याशी भांडून करतो.

भांडण होतं ते युद्धाच्या पटावरून. सरांच्या मुलीने परदेशातून आणलेला हा खेळ. टेबलभर नकाशा, त्यावर मधाच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं, पुठ्ठ्याच्या पलटणी आणि एक जाडजूड इंग्रजी नियमपुस्तिका. बी.ए.ला मी एवढं बारीक काहीच वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर पहिला वर्ग मिळाला असता.

एका रविवारी सहा आठवडे चाललेल्या लढाईची शेवटची खेळी होती. माझा किल्ला टिकला तर मी सरांना पहिल्यांदा हरवणार होतो. पण सरांनी तीन खेळ्या किल्ल्याची वाट अडवून धरली होती. नववा नियम सांगतो, तीन खेळ्या रसद तुटली की पलटण शरण जाते. चौदावा सांगतो, किल्ल्यातली पलटण शरण जात नाही, तिच्याशी लढावंच लागतं. आता किल्ल्यातल्याच पलटणीची रसद तुटली तर काय? हे लिहायच्या आधी लेखकाची जेवणाची वेळ झाली असावी.

"खायला दाणा नाही, मग काय तटाचे दगड चाटणार का रे तुझे शिपाई?" सर म्हणाले.

"सर, किल्ला बांधतात कशाला? आत साठा असतो म्हणूनच की!"

"असा पेपर लिहिला असतास तर नापास केलं असतं तुला."

आबा, म्हणजे माझे वडील, गावाकडून ओल्या शेंगा घेऊन आले होते. खुर्चीत बसून शेंगा फोडत तासभर आमच्याकडे बघत होते.

"पुठ्ठ्याच्या तुकड्यासाठी एवढा कालवा? ह्यासाठी शिकवलं व्हय तुला?"

"पावणं, तुम्हीच न्याय करा," सर म्हणाले.

"मला काय कळतंय त्यातलं? पर आमच्यात रानाची वाटणी करताना थोरल्यानं वाटं पाडायचं आन् धाकल्यानं आधी उचलायचं. मग बांध आपसूक सरळ पडतोय. तुमच्यातल्या एकानं कायदा लिवा, दुसऱ्यानं बाजू उचला."

सरांनी तत्काळ कागद माझ्यापुढे सरकवला. "मी थोरला असलो तरी आजवर पुष्कळ लिहून दिलं तुला. आता तू लिही, मी उचलतो."

तेव्हा माझी पंचाईत लक्षात आली. किल्ल्याच्या बाजूने लिहिलं, तर सर उठून माझ्या खुर्चीत बसणार. विरुद्ध लिहिलं, तर आहेत तिथेच बसणार. खोटेपणात काही फायदाच उरला नव्हता, म्हणून नाइलाजाने मी प्रामाणिक झालो.

"आबा, धान्याची कणगी भरलेली असली तर किती दिवस पुरते?"

"खाणारी तोंडं किती, त्यावर हाय की."

माझा पेन थांबला. भीतीपोटी मी किल्ल्यात मावतील तेवढ्या, म्हणजे तीन पलटणी कोंबल्या होत्या. तरी लिहिलं: किल्ल्यात एक पलटण असेल तर ती कधीच शरण जात नाही, चौदाव्याप्रमाणे. दोन असतील तर सहा खेळ्या टिकतात. तीन असतील तर तीनच, नवव्याप्रमाणे.

सरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. खुर्चीतून हलले नाहीत.

मी तिन्ही पलटणी नकाशावरून उचलल्या.

"पुस्तकात लिही हे, शाईनं," सर म्हणाले. पुस्तकावर पेन्सिलीची रेघ ओढली म्हणून याच माणसाने मला वर्गाबाहेर काढलं होतं. मी समासात मराठीत लिहिलं. आबांना वाचता येत नाही, तरी त्यांनी पुस्तक लांब धरून पाहिलं.

"तोंडं मोजायची अक्कल माझी. माझं नाव हाय का ह्यात?"

मी खाली त्यांचं नाव घातलं. तोवर सरांनी पट पुन्हा मांडायला घेतला होता.

"आता तरी किल्ल्यात एकच घाल," ते म्हणाले.