तळची चिठ्ठी

मामा, व्याख्यानमालेच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर चार शब्द लिहा, असं समितीने मला फर्मावलंय. समितीला गोड गोड हवंय. ते मला कधी जमलं नाही, तुम्हाला माहीत आहे. खाली लिहिलंय ते मुलीकडून वाचून घ्या. त्यात मी स्वतःला ‘सेक्रेटरीबाई’ म्हटलंय; ‘मी मी’ करायला लागलं की माणूस हळूच स्वतःच्या बाजूला सरकतो. मधेच फोन करू नका. शेवटपर्यंत ऐका.

सभागृहाचे शिपाई होण्याआधी मामा अठरा वर्षं कत्तलखान्यात होते. अख्खं जनावर सोलून, सांध्यासांध्यांत सोडवून हुकाला टांगायचं, हे त्यांचं काम. एके दिवशी सुरी घसरली आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली. बोटांचं त्यांना फारसं वाटलं नाही; सुरी घसरली, याची लाज मात्र जन्मभर पुरली.

सभागृहात काम सोपं होतं. आकडीच्या लांब काठीने वरच्या खिडक्या उघडायच्या, वक्त्यासमोर पाण्याचा काचेचा जग ठेवायचा, आणि व्याख्यान संपलं की प्रश्नांच्या चिठ्ठ्या गोळा करायच्या. तोंडी प्रश्न बंद होते, कारण करांच्या इतिहासावरच्या एका व्याख्यानानंतर दोन निवृत्त मास्तरांनी एकमेकांची गचांडी धरली होती. चिठ्ठ्यांची रीत मामांनीच बसवली. नेमका प्रश्न वर. लांबण लावणारा मधे. शिवीगाळ असेल ती चिठ्ठी खिशात आणि तिथून केराच्या टोपलीत. समितीतल्या कोणाची असेल तर तळाला. घरच्यांनी मागून जेवावं, पाहुण्यांआधी पाट मांडू नये.

बावीस वर्षांत त्यांनी तारे ऐकले, कावळ्यांची स्मरणशक्ती ऐकली, नाणी आणि नाटकं ऐकली. स्वतः एकदाही काही विचारलं नाही.

“एवढे विद्वान ऐकले,” मामी म्हणायच्या, “आणि घरातला दिवा बदलायचा तर अजून शेजाऱ्याला हाक!”

“दिव्यावर व्याख्यान व्हायचंय अजून,” मामा म्हणायचे.

त्या संध्याकाळी हाडांच्या प्राध्यापकबाई आल्या. चौकातल्या स्मारकाखाली गटाराचं काम करताना हाडं निघाली होती. जुन्या वेढ्यात किल्ला लढवताना पडलेल्या सैनिकांची ती, असं सगळे धरून चालले होते. बाईंनी वर्षभर ती तपासली होती. सभागृह खच्चून भरलं होतं. मागच्या रांगांत तीसेक आडदांड माणसं बसली होती. ती याआधी कुठल्याच व्याख्यानाला दिसलेली नव्हती.

बाईंना आडवळण ठाऊक नव्हतं. “निम्मी हाडं माणसांची आहेत,” त्या म्हणाल्या, “आणि निम्मी खेचरांची.”

मागे गलका झाला. बाईंनी पडद्यावर पायाच्या एका हाडाचं चित्र लावलं आणि वयाबद्दल, मातीबद्दल बोलत राहिल्या. दाराशी काठी धरून उभे असलेले मामा मात्र पुढे सरकले. सांध्याजवळ तीन बारीक आडव्या रेघा होत्या. बाई त्यांच्याबद्दल अक्षर बोलल्या नव्हत्या. पण त्या रेघा मामांनी स्वतःच्या हाताने हजारो वेळा काढल्या होत्या. आपसूक मेलेल्या जनावराच्या हाडावर तसं काही उमटत नाही.

मामांनी काठी भिंतीला टेकवली. उरलेल्या तीन बोटांनी कागद दाबून धरून लिहिलं: ‘सांध्यापाशी सुरीच्या खुणा आहेत. म्हणजे वेढ्यात उपाशी माणसांनी खेचरं कापून खाल्ली, पण शरण गेली नाहीत. असंच ना?’

“बाई, आज माझीही एक आहे,” चिठ्ठ्या देताना ते सेक्रेटरीबाईंना म्हणाले.

“मग ठेवा की वर.”

“छे! घरच्यांची तळाला.”

“बरं बरं, द्या लवकर,” घड्याळ बघत सेक्रेटरीबाई म्हणाल्या. चिठ्ठी त्यांनी उघडूनही पाहिली नाही.

मागच्या रांगेतल्या एका चिठ्ठीत ‘खेचराची अवलाद कोण ते दाखवतो’ असं आणि त्याखाली आणखी गलिच्छ लिहिलेलं होतं. ती रीतीप्रमाणे खिशात गेली.

तिसरा प्रश्न चालू असताना मागून आवाज आला, “आमची चिठ्ठी कुठंय?”

“त्या थोट्याने खिशात घातली! मी पाहिलं!”

“आमची दाबता? बापजाद्यांना खेचर म्हणता?”

पहिली खुर्ची मंचावर आदळली. मग माणसं आली. एकाने पाण्याचा जग बाईंच्या तोंडावर फोडला. त्या वाकल्या, तशी दुसऱ्याने माईकची लोखंडी दांडी उचलून त्यांच्या डोक्यात घातली. आवाज नारळ फोडल्यासारखा झाला. मामा काठी घेऊन धावले. काठी मोडली. मग त्यांनी ती फेकली आणि हातच वापरले. दांडी पुन्हा वर गेली होती. तिच्यामागचं कोपर त्यांनी दोन्ही हातांत धरलं, सांधा चाचपला आणि उलटा फिरवला. हाड बाहेर आलं. दुसऱ्याच्या गुडघ्यावर बाजूने लाथ घातली. तो पुन्हा उभा राहिला नाही. तिसऱ्याने फुटक्या जगाचं टोक मामांच्या उजव्या डोळ्यात खुपसलं. तरीही मामा बाईंवर पालथे पडून राहिले आणि पाठीवर बूट खात राहिले. चार बरगड्या गेल्या.

सेक्रेटरीबाई टेबलाखाली होत्या. चिठ्ठ्या रक्तात पसरल्या. तळाची त्यांच्या मुठीत राहिली. ती त्यांनी इस्पितळाच्या बाकावर वाचली.

तीनशे श्रोते, सहाशे डोळे. कोर्टात एकालाही काही दिसलेलं नव्हतं. मारणारे सुटले. कोपर तोडल्याबद्दल मामांना आठ महिन्यांची शिक्षा झाली. ज्याचं कोपर तुटलं तो बाजारात पोती उचलायचा. त्याचा हात पुन्हा सरळ झाला नाही. बाईंची वाचा गेली. ऐकू यायचं, समजायचं, पाटीवर हळूहळू लिहिताही यायचं.

सेक्रेटरीबाई तुरुंगात भेटायला गेल्या, तेव्हा मामांनी पहिलं हेच विचारलं, “चिठ्ठी आहे?”

“आहे.”

“मग एकदा बाईंना विचारून या. त्या ‘हो’ म्हणाल्या, म्हणजे चिठ्ठी वर असती तर बापजाद्यांचा पराक्रम ऐकून ती माणसं खाली बसली असती. मग त्या हमालाचा हात माझ्या रीतीने मोडला, मी नाही. म्हणजे मीच, पण... मला कळायला हवं.”

“तुम्ही सुटलात की जा की स्वतः.”

“माझं थोबाड बघून त्यांना ती संध्याकाळ आठवेल. तुम्ही जा.”

“जाते. पुढच्या आठवड्यात.”

बाईंचं घर सेक्रेटरीबाईंच्या घरापासून दोन बसथांब्यांवर. एकदा त्या फाटकापर्यंत गेल्या. व्हरांड्यात बाई पाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, डोक्याची एक बाजू खोल गेलेली. ‘वर ठेवा म्हणालात, पण उघडून वाचली का नाहीत?’ असं त्या पाटीवर आपल्यालाच विचारलं जाईल, असं सेक्रेटरीबाईंना वाटलं आणि त्या परत फिरल्या.

सुटून आल्यावर मामा दर महिन्याला फोन करू लागले. सात वर्षं.

“गेलात का, बाई?”

“गुडघा धरलाय हो.”

“गेलात का?”

“पाहुणे होते.”

मागच्या महिन्यात ते म्हणाले, “घाई नाही, पण माझा दुसरा डोळाही आता अंधुक झालाय. उत्तर लिहून आणलंत तर जरा मोठ्या अक्षरात आणा.”

“सोमवारी नक्की,” सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

शनिवारी त्यांनी चिठ्ठी पर्समधून काढून टेबलावर ठेवली. रविवारी पेपरात बाईंचा फोटो होता, निधनाच्या चार ओळींसह. मामांचा फोन त्यांनी त्यानंतर दोनदा नुसता वाजू दिला.