ताटाच्या कडेची बटणं

अक्का गेल्याला सव्वा महिना झाला. निरोप आला तेव्हा मी मंठ्याला लेकीकडे होते. मिळेल ती गाडी धरून जालना गाठलं, तरी तोंड काही दिसलं नाही. दहा दिवस आधी भेट झाली होती, एवढंच समाधान.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. निजामाच्या राज्यात लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा तिथे शिंपल्यांची बटणं व्हायची. मुंबईहून आगगाडीने पोती यायची, आणि पोतं सोडलं की अख्ख्या गल्लीला मासळीचा वास सुटायचा. शेजारणी नाक मुरडायच्या. सासरे ओल्या शिंपल्यातून चकत्या कापत, मी त्या घासून भोकं पाडी. पण ताटात बटणं पसरून एकसारख्यांची जोड लावायची ती अक्कांनीच. शेरवानीच्या सातही बटणांची झाक एक हवी, हा घरचा हट्ट. अक्का बटण ओठावरून फिरवून खरखर बघत, मग उजेडात तिरपं धरत... "अक्काचा हात लागला का माल बिलकुल बराबर," सासरे म्हणायचे. ऐन तारुण्यात कुंकू पुसलेल्या त्या बाईचा घरातला मान या एका कामावर उभा होता. ते सुटलं असतं तर उरली असती नुसती चूल.

एकदा एका नवरदेवाच्या संचात मला पिवळट बटण दिसलं. अक्कांची नजर मंदावली होती आणि त्या ते कुणालाच सांगत नव्हत्या. मी गुपचूप बटण बदललं. मग रोजच, त्या स्वयंपाकाला उठल्या की मी जोड पुन्हा लावायची. आपण फार शहाण्या, असं मला तेव्हा वाटायचं! पुढे राज्य गेलं, शेरवान्या गेल्या, काम बंद पडलं.

शेवटच्या भेटीत मला राहवेना. सगळं कबूल केलं. अक्का हसल्या.

"मला मालूम व्हतं की गं. ज्याचा भरोसा न्हाई वाटला ते मी ताटाच्या कडंला ठेवत व्हते. तुला धुंडत बसाया लागू न्हाई म्हणून..."

मी त्यांचा हात धरून पोटभर रडले.

आता माझीही नजर गेली. परवा तूर निवडताना संशयाचे दाणे मी कडेला सारत होते. सून जवळ येऊन बसली. तिच्यापासून काही न लपवता मी म्हटलं, "हे मला दिसत न्हाईत गं, तू बघ." आणि ताट तिच्याकडे सरकवलं.