फर्माईश पूर्ण केली जाईल

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी चाचा उठायचे आणि हॉलमधले पंखे बंद करायचे. एकेक बटण, सावकाश. सहा पंखे होते. शेवटचं पातं थांबेपर्यंत मान वर करून उभे राहायचे आणि मग मागच्या रांगेत जाऊन बसायचे. मे महिना असो नाहीतर ऑक्टोबर. नेरूळच्या उकाड्यात माणसं निथळायची. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "पाच मिनिटं घाम येतो. मग कान उघडतात."

आज काय आहे म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं. "काय वाजेल ते आपल्याला काय ठाऊक? वाजवणाऱ्यांनासुद्धा ठाऊक नाय."

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. कामात चोख, बोलण्यात सरळ, आणि एकाच गोष्टीपुरता सगळ्यांच्या दृष्टीने थोडा सरकलेला. आमचे चाचा तसे होते. नव्वदच्या दशकात रबाळ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात मी टाइम ऑफिसला होतो आणि चाचा स्टोअरकीपर. मूळचे रायगडातले, खाडीकाठच्या कोकणी मुसलमान घरातले. तरुणपणी बोटीवर होते. सगळा कारखाना त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून मीही.

मी करावे गावचा. आमचा बाप खाडीत जाळं टाकायचा, आजाही तेच. घरात कॉलेज बघितलेला मी पहिला. दारावर माझ्या नावाची पाटी लावली तेव्हा खाली बी.कॉम. लिहून घेतलं होतं, आणि ते मी आजही पुसलेलं नाही. पहिल्या दिवशी स्टोअर्समध्ये हजेरीची रजिस्टरं घ्यायला गेलो तेव्हा चाचांनी विचारलं, "शिक्षण?" मी सांगितलं. सांगताना छाती जरा पुढे आली असणार, कारण तेव्हापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "काय ग्रॅज्युएट, रजिस्टरं मोजलीस का? मोज. न बघता सही करू नको."

हा त्यांचा कायदा होता. डोळ्यांनी बघितल्याशिवाय माल आला असं ते लिहायचे नाहीत. एकदा मोठ्या साहेबांनी गेटवरच्या ट्रकमधला माल 'आलाय असं धरून' रजिस्टरात चढवायला सांगितला. चाचा म्हणाले, "साहेब, उतरू द्या. धरून मी काय लिहीत नाय." तीन तास ट्रक खाली होईपर्यंत साहेब थांबले. त्या दिवसापासून मला या माणसाचा आदर वाटायला लागला, आणि आदरापायीच मी त्यांच्या त्या कार्यक्रमांना जाऊ लागलो. संगीतापायी नाही, हे सांगून टाकतो.

कुठल्याशा परदेशी बंदरात, बोट दुरुस्तीला लागलेली असताना, चाचा एका गोदामात शिरले होते. आत चार जण वाजवत होते. समोर कागद नाही, ठरलेलं गाणं नाही, एकाने काहीतरी काढायचं, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. "त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ऐकणं हेपण काम असतं," असं ते सांगायचे. त्यानंतर आयुष्यभर ते असं वाजवणारे शोधत राहिले आणि मुंबईत त्यांना तिघे सापडले. एक म्हातारा सॅक्सोफोनवाला, ज्याने तीस वर्षं हॉटेलांत आणि लग्नाच्या रिसेप्शनमध्ये दुसऱ्यांची गाणी वाजवली होती. एक शाळेत शिकवणारी बाई, व्हायोलिन वाजवणारी. आणि एक घटमवाला. महिन्यातून एका रविवारी, दुपारी चारला, चाचांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हे तिघे वाजवायचे. चाची सकाळपासून त्यांच्यासाठी स्वयंपाक करायच्या. घटमवाला तर उघड म्हणायचा, "मी चाचींच्या कालवणासाठी येतो, मडकं नुसतं बरोबर असतं."

पहिल्यांदा गेलो तेव्हा सॅक्सोफोनवाल्याने पाच मिनिटं त्या वाद्यातून नुसता श्वास सोडला. बाईंनी गज तारांवर न फिरवता लाकडावर घासला. खिडकीत कावळा ओरडला तर घटमवाल्याने त्याला उत्तर दिलं. मी बी.कॉम. झालेला माणूस, मला हे कळू नये याचा मला रागच आला. बाहेर पडताना चाचांना म्हणालो, "चांगलं होतं." ते हसले. "चांगलं होतं की नाय ते सोड. तू उठून गेला नाहीस, तेवढं पुरे."

त्या हॉलमध्ये दीडशे खुर्च्या होत्या आणि ऐकायला आठ माणसं. कधी सहा. एक निवृत्त मास्तर, दोन कॉलेजची मुलं, महाप्याच्या कुठल्या कंपनीतला एक इंजिनिअर, सोसायटीचा वॉचमन, कारण त्याला बसायला मिळायचं. तरी चाचा दीडशे खुर्च्या स्वतः मांडायचे. मी म्हटलं, "वीसच मांडू या." तर म्हणाले, "आणि एकविसावा आला तर? त्याला उभं ठेवू?"

जाहिरात म्हणजे एक काळा बोर्ड. आमच्या गावाकडून वसाहतीत येणारा रस्ता जिथे मिळतो, त्या फाटकाशी तो उभा करायचे. त्यावर खडूने लिहायचे: "रविवारी चार वाजता. सॅक्सोफोन, व्हायोलिन, घटम. काय वाजेल ते वाजवणाऱ्यांनाही माहीत नाही. यावे." आता हे वाचून कोण येणार, तुम्हीच सांगा. मी त्यांना किती वेळा म्हटलं, की चाचा, थोडं आकर्षक लिहा. ते म्हणायचे, "जे नाय ते कसं लिहू?"

मग एका महिन्यात सेक्रेटरींनी त्यांना जिन्यात गाठलं. मी बरोबर होतो. माणूस वाईट नव्हता, पण कमिटीला तोंड द्यायचं त्यालाच होतं. "चाचा, रविवारचा हॉल लोक बारशाला मागतात, साखरपुड्याला मागतात. तुमच्या आठ माणसांसाठी मी किती जणांना नाही म्हणू? या वेळी निदान अर्धा हॉल भरून दाखवा. नाहीतर हे शेवटचं."

चाचा "बरं" म्हणाले. दोन मजले चढलो. मग दारात थांबून म्हणाले, "दुसरीकडे कोण देणार रे आपल्याला हॉल? तो म्हातारा महिनाभर या एका रविवारसाठी जगतो." म्हातारा म्हणजे सॅक्सोफोनवाला. स्वतःबद्दल ते बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं.

त्याच आठवड्यात त्यांना ताप भरला. शुक्रवारी मला निरोप आला, बोर्ड तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे. मजकूर काय, ते मला पाठ होतं. मी खडू हातात घेऊन फाटकाशी उभा राहिलो आणि पहिली ओळ बरोबर लिहिली. रविवारी चार वाजता. पुढे मी लिहिलं: "नव्या-जुन्या गाण्यांचा बहारदार कार्यक्रम. फर्माईश पूर्ण केली जाईल."

मी त्या वेळी असा विचार केला की एकदा माणसं आत आली, बसली, की ऐकतील. हॉल वाचेल. पुढचं पुढे. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी गावातही आळीआळीने सांगत फिरलो. ग्रॅज्युएट माणूस सांगतोय म्हटल्यावर गावाने विश्वास ठेवला.

रविवारी साडेतीनलाच हॉल भरला. करावं गाव लोटलं होतं. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, केसांत गजरे माळून, पोरांना पावडर लावून आलेल्या. माझी आई पहिल्या रांगेत. वसाहतीतली माणसंही होती. सेक्रेटरी दाराशी हात जोडून लोकांना आत घेत होते, जणू कार्यक्रम त्यांचाच. सॅक्सोफोनवाला पडद्याच्या फटीतून बघत होता. मला म्हणाला, "इतकी माणसं? आमच्यासाठी?" आणि चष्मा काढून शर्टाला पुसत राहिला.

चाचा मागच्या जिन्याने आले, अंगात स्वेटर, चेहरा उतरलेला. दारात उभे राहिले. भरलेला हॉल त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला. मग माझा दंड धरला. हात अजून गरम होता. "ग्रॅज्युएट," म्हणाले, "बघ. आले की नाय?"

मी "हो" म्हणालो.

दहा-बारा मिनिटं तो माणूस सुखात होता. त्यांनी पंखे बंद केले. कुणीतरी "ओ, पंखा लावा ना" ओरडलं तर हसून ओठांवर बोट ठेवलं. वादन सुरू झालं. लोक गप्प बसले, कारण त्यांना वाटलं वाद्यं जुळवतायत. मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. आमच्याकडे ऑर्केस्ट्रात तशीच पद्धत होती, कागदावर गाणं लिहायचं, हातोहात पुढे पाठवायचं. मागून निघालेली पहिली चिठ्ठी चाचांच्याच हातात पडली. त्यांनी वाचली. दुसरी वाचली. तिसरी. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने त्यांनाच विचारलं, "गानी कवा व्हनार? बोरडावर तं लिवलाय."

चाचा उठून बाहेर गेले. फाटकापर्यंत जाऊन यायला लागतो तेवढा वेळ लागला. परत आले तेव्हा उजव्या तळव्याला खडू लागला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ स्टेजवर गेले, हात वर करून तिघांना थांबवलं.

"बोर्डवर चुकीचं लिहिलं गेलं," ते म्हणाले. "ते माझ्याकडून झालं. इथे गाणी होत नाहीत. तुम्ही लांबून आलात, पोरंबाळं घेऊन आलात, तुमची माफी मागतो."

थोडा वेळ कुणाला काही समजलं नाही. मग मागून आवाज आला, "मंग आमाला काय ह्यो मडका ऐकाया बोलावलास?" हशा झाला. आमच्याच भावकीतला एक जण उभा राहिला. "चाचा, वय काय तुमचा, न् फसवता?"

सॅक्सोफोनवाला पुढे आला आणि हळूच म्हणाला, "मी वाजवतो ना दोन गाणी. आयुष्यभर तेच केलंय, काय फरक पडतो?" पहिल्या रांगेच्या टोकाला मी उभा होतो, मला चाचांचं उत्तर ऐकू आलं. "त्यासाठी तुम्हाला इथे बोलावलं नव्हतं."

यावर मी पुष्कळ विचार केलाय. वाजवू दिली असती दोन गाणी तर कदाचित हॉल राहिला असता. पण मग ते चाचा राहिले असते का, हे मला सांगता येत नाही.

लोक उठले. खुर्च्या सरकल्या, पोरं रडली, पाच मिनिटांत हॉल ओस पडला. तिघांनी उरलेल्यांसाठी वाजवलं. माझी आई बसून राहिली, कारण मी उठलो नाही. ती खुर्चीतच झोपली. नंतर मी शरमून आई झोपल्याचं सांगितलं तर चाचा म्हणाले, "झोप लागली ना? मग त्रास नाय झाला तिला."

दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरींनी हॉल बंद केला. आठ माणसं चालली असती, म्हणाले, पण फसवणूक नको.

सोमवारी मी स्टोअर्समध्ये गेलो. कबूल करायचं ठरवूनच गेलो होतो. "चाचा, तो बोर्ड..." एवढंच म्हणालो.

"बोर्ड मी लिहिला," ते म्हणाले. पुढ्यातलं कार्ड भरत होते, वर बघितलं नाही. "तुला त्या गावात जन्म काढायचाय. मी भाड्याने राहणारा माणूस, आज इथे, उद्या नाय. विषय संपला."

डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही न करणाऱ्या माणसाने माझ्या खोट्याखाली स्वतःची सही केली होती. आणि मी ती करू दिली. गावात कधीच तोंड उघडलं नाही. आळीत कुणी त्या 'फसव्या चाचा'ची आठवण काढून हसलं, की मी चपला घालून बाहेर पडायचो.

त्यांनी पुन्हा कुठे हॉल शोधला नाही. सॅक्सोफोनवाला एकदोनदा घरी जेवायला आला म्हणतात, वाद्य न घेता. पुढे कारखान्याने माणसं कमी केली, चाचा गावी निघून गेले. निरोप समारंभात साहेबांनी त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल बरंच भाषण केलं. मी टाळ्या वाजवल्या.

ते वारल्याचं मला उशिरा कळलं. चाची इद्दतीत होत्या, चार महिने दहा दिवस परक्या पुरुषाला भेटत नाहीत, म्हणून ते दिवस संपल्यावर त्यांच्या गावी गेलो. ओटीवर बसवलं. सुनेने चहा आणला. चाची थकल्या होत्या, पण बोलत होत्या.

"तुमची आठवण काढायचे," म्हणाल्या. "एक ग्रॅज्युएट होता, बोलायचे, शेवटपर्यंत बसायचा." मग जरा हसल्या. "माणूस चोख होता हो. आयुष्यात एकदाच खोटं वागले, तो बोर्ड. माणसं जमवायच्या हावेपायी. मी काय सोडते? घरात जरा काय चुकलं की मी बोलायची, हे काय तुमच्या बोर्डासारखं का? पावनंरावनं बसलं असलं तरी बोलायची. ते मान खाली घालून हसायचे."

माझा चहा निवत होता. मी म्हणालो, "चाची, तो बोर्ड मी लिहिला होता. त्यांना तापात काही माहीत नव्हतं. माझ्यासाठी त्यांनी अंगावर घेतलं."

चाची माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. काहीतरी मागे-मागे जाऊन तपासत असल्यासारख्या.

"मला पण सांगितलं नाय," म्हणाल्या. मग, "दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशीपण बोलले मी त्यांना."

उठल्या आणि आत गेल्या. मी बसून राहिलो. काही वेळाने सून कप न्यायला आली, तिने ओटीवर मी एकटाच आहे हे पाहिलं, आत डोकावून आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अम्मी नमाजला बसल्यात. तुमी निघा आता, उशीर होईल."

मी उठलो. नारळाच्या बागेतून, मग बांधावरून, जेट्टीपर्यंत चालत आलो. लाँचची वाट बघत उभा होतो, तेव्हा कुठे गावातल्या मशिदीतून असरची, दुपार कलतानाच्या नमाजाची वेळ झाल्याची, अजान झाली.