मागं राहायचा हुकूम

लग्न होऊन मी देवळीला आले, ते वर्ष आठवलं की आधी नुसता पांढरा उजेड दिसतो. घरात वेचून आणलेला कापूस, त्यावर पसरलेलं ऊन आणि कधी न संपणाऱ्या दुपारी. आपण दुसऱ्याच कुणाच्या स्वप्नात राहायला आलोय, असं वाटायचं.

त्याच दसऱ्याला आम्ही सगळ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घरातले जुने देव तेवढे नदीत सोडायचे राहिले होते, कारण सासूबाई त्यांना हात लावू देत नव्हत्या. माझ्या नवऱ्यानं त्यांना अडाणी म्हटलं. मला असा संताप आला! पण नव्या सुनेचं तोंड बंद.

सासूबाईंची भीती मला ठाऊक होती. सासरे पूर्वी फौजेत सुभेदार होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांना ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर डोंगरी पोरांच्या एका नव्या तुकडीला सल्ला द्यायला धाडलं होतं. तेव्हा सासूबाईंनी देवीला नवस बोलला होता, ते जिवंत परत आले तर तुला या घरातून कधी हलवणार नाही. ते आले. आता देवी हलली की धनी गेला, एवढी साधी गोष्ट होती ती त्यांच्यासाठी.

एका दुपारी सासरे सासूबाईंजवळ येऊन बसले. लढाईबद्दल ते कधी बोलत नसत.

"गोळीबार सुरू झाला अन् पोरं जमिनीले चिकटली," ते म्हणाले. "सल्लागारानं मांगं राहायचं, असा मले हुकूम होता. पण पोरं उठेनात, अन् त्यायची बोली मले येत नव्हती. मंग मी उभा झालो. वखरामांगं चालतो नं आपण, तसा सावकाश पुढं निघालो. कानाजवळून गोया जाऊन राह्यल्या होत्या. पोरं उठून मांगं आली."

"देवीनंच राखलं तुमाले."

"माह्या बाजूच्या पोराच्या गळ्यात ताईत होता. त्याच्या मायनं बांधलेला. तो तिथंच पडला. त्याची माय काय नवसाले कमी पडली?"

सासूबाई रडू लागल्या. कधी न पाहिलेल्या त्या बाईसाठी किती वेळ रडत होत्या. मीही रडले.

दुसऱ्या दिवशी देव पदरात घेऊन त्या स्वतःच निघाल्या; मागोमाग सासरे आणि मी. यशोदा नदीचं पाणी संथ होतं, वर विरळ धुकं. त्यांनी देव हळूच पाण्यात सोडले. ओठ पांढरेफटक पडले होते. सासरे घराकडे वळले, तशा त्या झपकन त्यांच्यापुढे झाल्या.

"तुमी मांगं राहा."

"काऊन व?"

"जे यायचं असंल, ते आधी मले लागू द्या."

आणि दोन्ही बाजूंच्या कापसाच्या पऱ्हाटीतून त्या ताठ मानेनं, सावकाश पुढे चालू लागल्या. सासऱ्यांनी या खेपेला हुकूम मानला.