कपबश्यांचं माहेर

त्या दिवशी माझ्या स्वयंपाकखोलीत आम्ही चौघी होतो. मी, माझी सून शैला, समोरच्या खोलीतली शेजारीण आणि तिची दहावीतली पोरगी पिंकी. चौघींत मी जे बोलले ते मला परत गिळता आलं नाय, म्हणून सांगते.

अख्ख्या मनवेलपाड्यात माझ्या शेजारणीसारखी रागीट बाई नाय, आणि रागाची एवढी तयारी ठेवणारी तर सगळ्या तालुक्यात नाय. पाळी यायच्या आठ दिवस आधी ती घरातल्या काचेच्या कपबश्या जुन्या साडीत गुंडाळायची, तान्हं पोर आणावं तशी छातीशी धरून माझ्याकडे आणायची. "मावशी, ह्यांना आठ दिवस माहेरी ठेवा," बोलायची. मग तिच्या घरी फेकायला फक्त स्टीलचं उरायचं. फेकायच्या आधी "बाजूला व्हा" म्हणून सांगायची, आणि नेम कायम एकाच भिंतीवर. तिथलं प्लास्टर पार गेलेलं. आठ दिवस कामावर भांडण, घरात रडणं, पिंकीला नाय नाय ते बोलणं. पाळी आली की नवव्या दिवशी हसत यायची, कपबश्या न्यायची आणि जाताना माझे गुडघे चेपून जायची. नवरा गेल्यावर चार वर्षं एकटीने घर ओढलं तिनं, त्यामुळे चाळीत कुणी फार बोलायचं नाय.

बोलले ती मीच. त्या दिवशी साडीची गाठ सोडताना कपांमधून गोळ्यांचं पाकीट पडलं. मी चौथी शिकलेली, पण ते पाकीट ओळखते. सरकारी दवाखान्यात पाळणा लांबवायला असल्याच गोळ्या वाटायचे. मी पोरीसमोर विचारलं, "नवरा जाऊन चार वर्षं झाली. ह्या कुणासाठी?"

तिनं पाकीट उचललं. कपबश्या तिथंच टाकून गेली.

पुढच्या महिन्यात पाण्याचा हंडा भिंतीला न लागता पिंकीच्या पायाशी पडला. पोरगी दप्तर आणि कपड्यांची पिशवी घेऊन माझ्या दारात आली. बोळिंजला मामाकडे चालली होती, कायमची. "आजी, त्या गोळ्या आईच्या ह्याच रागासाठी होत्या. डॉक्टरांनी दिलेल्या. दोन महिने घेतल्या, तुम्ही बोललात आणि तिनं टाकून दिल्या."

मी तिची पिशवी घरात ओढून घेतली आणि तशीच समोर गेले. शेजारीण भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी बोलले, "माझं चुकलं. ऊठ, आपण दोघी दवाखान्यात जाऊ."

डॉक्टरीणबाईने प्रेशर तपासलं, पायात रक्ताची गाठ झालेली का, अर्धं डोकं दुखतं का, सगळं परत विचारलं. म्हणाल्या, गोळी तीच पाळणा लांबवायची आहे, पण हिच्या अंगातले हार्मोन महिन्याला वरखाली होतात तेव्हा तिला जो त्रास होतो, त्यासाठी दिली आहे. सगळ्यांना चालत नाय, तपासूनच द्यावी लागते. दोन महिन्यांत सोडायची नाय, गुण यायला वेळ द्यायचा.

ऐकताना मला माझंच आठवलं. माझ्या थोरल्याच्या कपाळावर पळीचा वण आहे. असल्याच दिवसांत मी मारलेली. मग भात लावायला गेले, दिवसभर चिखलात उभी होते आणि मनात एकच, की आपणच वाईट आई. तो आता आजोबा झाला, वण आहे तसाच आहे. मी डॉक्टरीणबाईला विचारलं, "तेव्हा मला कुणी दिली असती तर?" त्यांनी माझा हात धरला.

गोळ्या परत चालू झाल्या आणि पिंकी मामाकडे गेली नाय. चार-पाच महिन्यांनी शेजारणीने त्या भिंतीला प्लास्टर करून घेतलं आणि कपबश्या घरी नेल्या. राग अजून येतो तिला, पण तोंडानेच काय ते बोलते आणि संध्याकाळी चहा घेऊन येते, काचेच्या कपातून. कपबश्या आता माहेरी येत नायत. फळीवरची त्यांची जागा मी पुसून रिकामीच ठेवते.

तुम्ही वाचणाऱ्यांनी एवढं करा. बाईच्या हातात गोळ्यांचं पाकीट दिसलं तर तिच्या पोरीसमोर काही बोलू नका. आधी जवळ बसून विचारा, तुला काय होतं.